डावीकडचं सत्तावीस

माझ्या दाजींच्या गाडीत पुढे बसायची कुणालाच परवानगी नव्हती. तसा नियम त्यांनी कुठे लिहून लावला नव्हता, पण तुम्ही पुढच्या दाराला हात घातला की आतून आवाज यायचा, "मागं बस." पाहुणा असो, सरपंच असो, नाहीतर मी असो. मी त्यांचा सख्खा मेहुणा. अमडापूरला माझी पिठाची गिरणी आहे, चार माणसं मला अर्जुनराव म्हणतात, आणि या माणसाच्या गाडीत मी पैसे देऊन चढलेल्या सवारीसारखा मागे बसायचो. ते तसं का करतात हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही राग यायचा.

दाजींचं नाव भगवंतराव. राहणार मोताळा. अख्खं आयुष्य स्टिअरिंगमागे गेलं. मोताळा-बुलडाणा जीप चालवायचे, तीही दुसऱ्याच्या मालकीची. मधला राजूर घाट त्यांनी जितक्या वेळा चढला-उतरला असेल, तितक्या वेळा मी गिरणीचा पट्टासुद्धा चढवला नसेल. बोलणं मोजकं. सवाऱ्यांशी तर फक्त "सरका" आणि "उतरा" एवढंच.

आमच्याकडे गाडीला हीटर कशाला, असं कुणीही विचारील. मे महिन्यात मोताळ्याच्या स्टँडवर घटकाभर उभं राहिलं की हा प्रश्न पडतोच. बाकीचे ड्रायव्हर जीप हातात आली की आधी हीटरचे पाइप काढून बाजूला बांधून टाकायचे. दाजींनी ते कधी काढले नाहीत. ठासून भरलेली जीप घाट चढू लागली आणि इंजिन तापून काटा वर सरकला, की ते हीटर पूर्ण सोडायचे. इंजिनातलं उकळतं पाणी हीटरच्या छोट्याशा जाळीतून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा आत ढकलतो. म्हणजे इंजिनाची आग सवाऱ्यांच्या पायांवर उतरायची. इंजिन वाचायचं आणि माणसं शेकायची. बाया तोंड सोडायच्या. दाजी मागे न बघता म्हणायचे, "उतरून पायी येता काय?" भर उन्हात कोण उतरतो!

पण याच हीटरची एक गोष्ट माझी ताई फार कौतुकाने सांगायची. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, जनकाबाई. तिचं लग्न ऐन हिवाळ्यातलं. अमडापूरहून मोताळ्याला जायला मालकाने जीप दिली, पण दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हता, म्हणून नवरदेवच मुंडावळ्या बाजूला सारून ड्रायव्हर झाला. आता आमचं घराणंच थंडीला भिणारं. लोक स्वेटर काढून पेटीत ठेवतात तेव्हा आम्ही अजून मफलर गुंडाळून असतो. चिखली सुटली तोवर ताईचे दात वाजायला लागले होते. नवरा समोर बघून गाडी चालवतोय, बोलायचं नाव नाही. मग त्याने खाली हात घालून काहीतरी फिरवलं आणि तिच्या पायांवर ऊन ऊन वारा आला. ती दचकली, तिला वाटलं गाडी पेटली.

"काही नाई," तो म्हणाला, "इंजिनाची गरमी हाये. फुकट वाया जाऊन राह्यली होती."

नवऱ्याच्या तोंडचं पहिलं वाक्य हे. ताई सांगताना दर वेळी हसायची, आणि दाजी दर वेळी काहीतरी काम आठवून अंगणात जायचे.

त्या दिवसानंतर मात्र ताईला त्या जीपमध्ये पुढची जागा मिळाली नाही. ती जागा सवाऱ्यांची. गिऱ्हाईक सोडून बायकोला बसवलं तर मालक बोलणार. आजारी पडली तरी ताई एसटीने बुलडाण्याला जायची, आणि घाटात दाजींची जीप शेजारून पुढे निघून जायची. ती खिडकीतून बघायची. "साऱ्या तालुक्याले फिरवलं तुह्या दाजीनं," ती मला म्हणायची, "मी तेवढी राह्यली." हे ती चेष्टेत म्हणायची, पण एवढी वर्षं कुणी एकच चेष्टा करत नाही. तिला त्यांच्या शेजारी बसायचं होतं. बस, एवढंच हवं होतं तिला.

ते मिळालं, पण दाजींचे केस पिकल्यावर. त्यांची लेक प्रतीक्षा पुण्याला नोकरी करते. तिने नवी गाडी घेतली आणि जुनी आई-बापांना पाठवून दिली. जुनी म्हणायची, पण थाट मोठा. समोर दोन गोल बटणं, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, प्रत्येकावर हिरवा आकडा, आणि मधे 'ऑटो' असं लिहिलेली कळ. दाजी गाडीभोवती दोन चकरा मारून आले आणि ताईला म्हणाले, "बस समोर." ताई नवं लुगडं नेसून बसली.

आणि इथून त्यांची भांडणं सुरू झाली.

दाजींना ते ऑटो काही केल्या उमगेना. जीपवाल्याचा हिशेब सोपा, ऊन जास्त तर आकडा कमी. बसले की बटण गरागरा फिरवून अठरावर. आकडा जितका खाली तितकी गाडी लवकर गार होईल, अशी त्यांची पक्की समजूत. ऑटोचं तसं नसतं. तुम्ही अठरा सांगा की चोवीस, तापलेल्या गाडीत ते आधी सगळा जोर लावतंच. आकडा फक्त थांबायचं कुठे ते सांगतो. हे दाजींना सांगणार कोण? शेगावला निघाले की नांदुऱ्यापर्यंत आत बर्फ. मग दाजी ते बंदच करणार, काच खाली घेणार, धूळ आत आली की काच वर, आणि पुन्हा अठरा. तोवर ताई शाल आणि वरून चादर गुंडाळून गाठोडं झालेली.

"इतक्या वर्षानं शेजारी बसवलं," ती म्हणायची, "ते काय गोठवाले बसवलं?"

शेवटी दाजी गाडी घेऊन रज्जाककडे गेले. रज्जाक मोताळ्यात गाड्यांच्या एसीची आणि बॅटरीची कामं करतो, दाजींना जीपच्या काळापासून ओळखतो. ताईही सोबत होती. तोही प्रसंग तिनेच मला साभिनय सांगितला.

"भाऊ, काही बिघडलं नाई," रज्जाक म्हणाला. "तुमी याच्या मधात मधात करू नका. ऑटो दाबा आन् हात काढून घ्या. आन् हे पाहा, ही गाडी दोन माणसायची हाये. इकडचं बटण तुमचं, तिकडचं वैनीचं. हे सिंक दाबलं का दोन्ही एक होते. ते दाबूच नका."

"मशीन एक," दाजी म्हणाले, "मंग हवा दोन परकारची कशी काय?"

रज्जाकने सांगितलं की एसी गार हवा देतो, इंजिनाचं पाणी गरम हवा देतं, आणि दोन्ही बाजूंना आत एकेक झडप असते. जेवढं ज्याला हवं तेवढं ती झडप मिसळते. दाजी मान हलवत होते, पण ती नुसतीच हलत होती.

"म्हंजे विसण घालते," ताई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"आंघोळीचं पाणी नाई का? बंबातलं कढत असते. त्यात विसण घातलं का आंगाले सोसते. तशी ही गाडी हवेत विसण घालते. ज्याचं त्याले ज्याच्या त्याच्या आंगाजोगतं."

"बस, वैनी," रज्जाक म्हणाला. "एवढंच हाये."

दाजी म्हणाले, "म्हंजे गरम हवा ते घाटातलंच हीटर." एवढ्या वर्षांची ओळख निघाल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला, असं ताई सांगायची.

मग तिने आपलं बटण धरलं. एक हात हवेच्या जाळीसमोर, जसा आपण बादलीत घालून बघतो तसा, आणि दुसऱ्या हाताने बटण हळूहळू फिरवत गेली. एका जागी थांबली आणि म्हणाली, "बास." समोर आकडा आला होता सत्तावीस.

तो आकडा पुन्हा कधी हलला नाही. भर वैशाखात बाहेर डांबर वितळायचं, उजवीकडे दाजी बावीसवर, आणि डावीकडे ताई आपल्या सत्तावीसमध्ये पदर सावरून बसलेली. त्या वर्षांत ते दोघं फार फिरले. शेगाव झालं, अमडापूर तर सारखंच. पण काही काम नसलं तरी निघायचे. घाट चढून बुलडाण्याला जायचे, चहा प्यायचा आणि परत यायचे. मी विचारायचो, मोताळ्यात चहा मिळत नाही का? ताई म्हणायची, "मिळते. पण तो घरी बसून पेवा लागते."

मागल्या पावसाळ्यात ताई गेली. झोपेतच गेली. कुणाला धावपळ करायचीही संधी तिने दिली नाही, आणि अजूनही मला त्याचाच राग येतो.

दाजी रडले नाहीत. तेराव्यानंतर त्यांनी गाडी बाहेर काढली आणि मला अमडापूरला सोडायला निघाले. मी पुढच्या दाराला हात लावला आणि तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, "मागं बस." मी मागे डाव्या बाजूला बसलो. बघतो तर डावीकडचा आकडा सत्तावीसच. कुणी नसलेल्या सीटवर गाडी ऊनसर वारा सोडत होती, आणि त्यातला थोडा सीटखालून माझ्या पायांवर येत होता. अमडापूर येईपर्यंत मी पाय हलवले नाहीत.

त्यानंतर ते तसंच चाललं. प्रतीक्षा दिवाळीला आली तेव्हा तीही मागे बसली, पण लेकच ती, बोलायला भिणार थोडीच. "बाबा, पुढे कोणी नाहीये, सिंक करा ना. उगाच एका बाजूला गरम चाललंय." दाजींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, उतरले आणि कपाशीच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन उभे राहिले. बराच वेळ आले नाहीत. प्रतीक्षाने मला फोन करून हे सांगितलं आणि फोनवरच रडायला लागली. मी म्हटलं, "बसत जा बाई मागं. मीही बसतो."

आता या जानेवारीतली गोष्ट. माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बुलडाण्याला झालं. पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळीच काढायची होती. माझ्या मुलाला, ऋत्विकला, गिरणी उघडायची होती, म्हणून तो मला जवळ म्हणून मोताळ्याला दाजींकडे सोडून गेला. सकाळी दाजींनी गाडी बाहेर काढली. गारठा असा की अंगणातल्या बादलीतल्या पाण्याला हात लावायची छाती होईना. मी कानटोपी, मफलर, वर घोंगडी अशा सगळ्या तयारीनिशी मागच्या दाराकडे निघालो.

दाजींनी पुढचं दार उघडलं. "समोर बस," ते म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी तसाच उभा.

"बस ना बे. आता काय हाये तिथं?"

मी बसलो. एवढे महिने ज्या जागेसाठी मनातल्या मनात धुसफुसत होतो ती मिळाली, आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. गाडी गावाबाहेर पडली तेव्हा मी विचारलं, "काऊन दाजी, काय झालं?"

त्यांनी तुटक तुटक सांगितलं. महिनाभर खोकल्याने अंथरूण धरलं होतं, गाडी जाग्यावर उभी. बॅटरी उतरून गेली. रज्जाकने नवी बसवली. जुनी काढली की या गाडीला आधीचं काही आठवत नाही. चालू केली तर दोन्हीकडे बावीस.

"रज्जाक म्हणे, सांगा किती होतं, लावून देतो."

"मंग?"

"नाई म्हटलं."

"अवो, सत्तावीस होतं. तुमाले तर पाठ हाये. फिरवा ना!"

"म्या फिरवलं तर ते माह्या हातचं होईन," दाजी म्हणाले. "तिच्या हातचं होतं ते."

मी एका डोळ्याने बाहेर बघत राहिलो. तोही डोळा अर्ध्या कामाचा, त्याचंही ऑपरेशन व्हायचंच आहे. समोरचे आकडे म्हणजे मला दोन हिरवट डाग दिसत होते.

सुरुवातीला गाडीत वारा जवळजवळ नव्हताच. थंड इंजिनाची थंड हवा तोंडावर मारायची नाही, पाणी तापेपर्यंत थांबायचं, एवढी अक्कल त्या ऑटोला असते. राजूर आलं, घाट लागला, इंजिनाला जोर पडला तसा पंखा हळूच वाढला. हवा आली, पण बावीसची. दाजींच्या अंगाला ती ठीक असेल. माझे गुडघे भरून आले, पट्टीखालचा डोळा ठणकायला लागला. आणि मला एकदम राग आला. थंडीचा, डोळ्याचा, ताईचा, बॅटरीचा, सगळ्याचा.

"ऱ्हाऊ द्या तुमचं बावीस," मी म्हणालो. "मले थंडी वाजून राह्यली."

आणि डावीकडचं बटण धरलं. दाजींचा हात स्टिअरिंगवर घट्ट झालेला मला तेवढ्यातही दिसला, पण त्यांनी अडवलं नाही. मी किती फिरवतोय ते मला दिसत नव्हतं, आणि मी मोजलंही नाही, शपथ. दुसरा हात जाळीसमोर धरला आणि फिरवत गेलो. हवा कोमट झाली, मग थोडी ऊन. मग गुडघ्यांना बरं वाटलं.

"बास," मी म्हणालो.

दाजींनी ब्रेक दाबला. मागून येणारा एक ट्रक हॉर्न देत गेला. त्यांनी गाडी वळणावरच्या मोकळ्या जागेत घेतली आणि उभी केली. खाली अख्खा मोताळ्याकडचा मुलूख धुक्यात पडला होता. त्यांचा एक हात स्टिअरिंगवर, डोळे त्या हिरव्या आकड्यावर.

"किती झालं?" मी विचारलं.

"साडेसव्वीस."

मला का कोण जाणे फार वाईट वाटलं, परीक्षेत एका मार्काने राहिल्यासारखं. सत्तावीस व्हायला हवं होतं. मी तिचा भाऊ आहे.

दाजी तसेच बसून होते. इंजिन चालू होतं आणि ऊन वारा माझ्या पायांवर येत होता. मग त्यांनी हात पुढे केला. त्या बटणाला त्यांनी आजवर कधी बोट लावलं नव्हतं, ताई असतानाही नाही. दोन बोटांनी धरलं आणि एक खटका पुढे दिलं.

"तिले तुह्यापेक्षा अर्धा जास्त लागे," ते म्हणाले.

आणि मग रडले. तेव्हा रडायचं राहिलं होतं ते सगळं. मला एका डोळ्याने रडायची डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून मी दुसऱ्याने रडलो.

बुलडाण्यात पट्टी निघाली. डॉक्टरांनी दोन बोटं दाखवून किती आहेत विचारलं, मी सांगितलं. दवाखान्यातून बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "चाल, चहा घेऊ." टपरीवर उभ्याने चहा प्यायलो. परत गाडीपाशी आलो आणि मी सवयीने मागचं दार उघडलं.

"समोर बस," दाजी आतून म्हणाले.

मी पुढे बसलो. उजवा डोळा आता स्वच्छ होता. डावीकडे सत्तावीस दिसत होतं.